बदलीबाईंचा नियम

परराष्ट्र खात्यात माणसाचं बरंवाईट त्याला कुठली वकिलात मिळते यावर ठरतं, आणि कोणाला कुठली वकिलात द्यायची हे आमच्या खोलीत ठरतं, असा सगळ्या इमारतीचा समज होता. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत भलेभले दबकत शिरायचे. परदेशात राष्ट्रप्रमुखांशी हस्तांदोलन करून आलेले अधिकारी दाराशी घुटमळायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, येऊ का?"

बाई म्हणजे बदलीबाई. दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा दोन ओळींत कसाबसा मावला होता, पण तो कोणी वाचत नसे. खात्यातल्या माणसांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या हे काम त्या इतकी वर्षं करत होत्या की बदली आणि बाई हे दोन शब्द वेगळे करणं कठीण झालं होतं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. आदेशांचे मसुदे तयार करायचे, ते सह्यांसाठी फिरवायचे, आणि बाईंच्या समोर बसून फोनवर "बाई जागेवर नाहीत" असं सांगायचं, हे माझं काम.

भिंतीवर जगाचा नकाशा होता, पण तो फक्त शोभेला. आमच्या खोलीच्या भाषेत जगाचे दोनच भाग होते, मलई आणि खरवड. मलई म्हणजे मुलांना चांगली शाळा, नळाला स्वच्छ पाणी, संध्याकाळी फिरायला बाग. खरवड म्हणजे यातलं काहीच नाही, आणि वर ताप, अंधार आणि रस्त्यात बंदुका. मलईसाठी रांग लागायची. खरवडीचं नुसतं नाव निघालं की लोकांचे आईवडील धडाधड आजारी पडायचे.

बाईंच्या यजमानांचं स्टेशनामागे चष्म्याचं दुकान होतं. बदल्यांचा हंगाम आला की तिथे आमच्या खात्याची रीघ लागायची. डोळे तपासून घ्यायचे, भारीतली फ्रेम निवडायची आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारायचं, "वहिनी काही बोलल्या का हो?" यजमान चष्म्याची काच पुसत म्हणायचे, "बोलल्या ना. येताना दूध आणा म्हणाल्या." घरी आल्यावर ते बाईंना विचारायचे, "तुमच्या खात्याची नजर एवढी अधू, मग तुम्ही जगाकडे बघता तरी कसे?" सुरुवातीला बाईंना याचं हसू यायचं. पुढे ते यायचं बंद झालं.

ते कधी बंद झालं ते मला ठाऊक आहे. खरवडीतल्या एका वकिलातीत आमचा एक संदेशवाला होता. गुप्त संदेश पाठवणं आणि आलेले उलगडणं हे त्याचं काम. त्याची मुदत संपली तेव्हा त्याच्या जागी जायला कोणी तयार होईना. ज्याचं नाव काढावं त्याच्यासाठी वरून फोन यायचा. असं करता करता तो मुदतीच्या दुप्पट काळ तिथे राहिला. परत आला तो थेट आमच्या खोलीत आला. राजीनामा लिहूनच आणला होता. आवाज चढवला नाही, की टेबलावर हात आपटला नाही.

"मी गेलो तेव्हा बायको गरोदर होती," तो म्हणाला. "परवा घरी आलो तर मुलीने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, आई, कोणीतरी काका आलेत."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मुदत संपली तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, बघते. बाई, मला एवढंच विचारायचंय. बघितलंत का? आणि मी कोणाचं काय घोडं मारलं होतं?"

राजीनामा ठेवून तो निघून गेला. बाईंनी तो पुन्हा एकदा वाचला. मग मला म्हणाल्या, "कोरा कागद द्या."

त्या दिवशी त्यांनी जो नियम लिहायला घेतला त्याने पुढे आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. नियम तसा साधा होता. मलईची एक नेमणूक भोगली की पुढची खरवडीची. खरवडीत मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त ठेवायचं नाही. नुकत्याच भरती झालेल्या माणसाला पहिल्याच नेमणुकीत तिकडे ढकलायचं नाही. आणि आजारपणाची सूट हवी असेल तर ती सरकारी डॉक्टरांच्या मंडळाकडून, घरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाही.

आमचे मोठे साहेब, म्हणजे कर्मचारी विभागाचे प्रमुख, हसतमुख माणूस. कोणालाही नाही म्हणत नसत. सगळ्यांना एकच सांगायचे, "आपण मार्ग काढू." बाईंचा मसुदा त्यांनी पुष्कळ महिने जवळ ठेवला, वाखाणला, समितीपुढे नेला, परत आणला, पुन्हा वाखाणला. शेवटी मंजुरीच्या वेळी त्यात एक ओळ वाढवली. प्रशासकीय निकड असल्यास सूट देता येईल.

"साहेब, या ओळीतून हत्ती जाईल," बाई म्हणाल्या.

"जाऊ कशाला देऊ? आपण बसलोय ना इथे."

बाई हट्टाला पेटल्या. ती ओळ राहणार असेल तर आपलीही एक ओळ हवी म्हणाल्या. बदलीच्या प्रत्येक आदेशाखाली 'नियमानुसार आहे' असा शेरा आणि त्याखाली त्यांची सही. साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. सही काय, कोणीही करतं.

नियम जाहीर झाला तेव्हा मोठा समारंभ झाला. खात्यात न्यायाचं नवं पर्व वगैरे भाषणं झाली. खात्याच्या मासिकात बाईंचा फोटोही आला, त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते.

मग पहिला हंगाम आला. नियमाप्रमाणे खरवडीला जायची पाळी ज्यांची होती त्यांची नावं बाईंनी काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गळायला लागली. एकाची पाठ दुखत होती. डॉक्टरांच्या मंडळाला पाठीत काही सापडलं नाही, तेव्हा त्याची प्रशासकीय निकड निघाली. म्हणे परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांची व्यवस्था त्याच्याइतकी कोणालाच जमत नाही. खोलीत आम्ही त्याला पाठदुखीवाले म्हणायला लागलो. हा माणूस दोनदा मलई खाऊन आलेला आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस खेळणारा. दुसऱ्या एकाची निकड अशी की तो नसेल तर मंत्र्यांच्या भाषणांत व्याकरणाच्या चुका होतात. तिसऱ्याची निकड काय होती ते कागदावर लिहिलंच नव्हतं, नुसतं 'निकड' असं लिहिलं होतं.

असं होता होता एकच नाव उरलं. बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान.

ते आमच्याच खात्यात प्रशासन अधिकारी होते. वकिलातीची इमारत, नोकरवर्ग, वाहनं, व्हिसाची खिडकी, हे सगळं बघणारे. स्वभावाने थंड, कामाला चोख. ते एक मलईची नेमणूक करून आले होते, त्यामुळे नियमाने त्यांची पाळी होतीच. सूट मागायला मात्र त्यांची पंचाईत होती. दुसऱ्या कोणी वशिला लावला तर तो वशिला, यांनी लावला तर ती घरची चोरी.

बातमी कळल्यावर धाकटी दुसऱ्याच दिवशी बाईंच्या घरी आली. मागोमाग तिचे यजमानही आले. तिथे काय झालं ते बाईंच्या यजमानांनी मला नंतर दुकानात सांगितलं.

"ताई, एवढ्या मोठ्या खात्यात तुला माझाच नवरा सापडला?"

"मी शोधला नाही गं. पाळी त्यांची आहे."

"पाळी कोण ठरवतं?"

"नियम."

"आणि नियम कोणी केला?"

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"त्या पाठदुखीवाल्याला सोडलंत ना? मग यांना सोडा. यांचीही पाठ दुखते."

"माझी पाठ चांगली आहे," धाकटीचे यजमान म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो! मी सांगते, दुखते." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. तिथे शाळा नाही. म्हणजे मी इथे एकटी. तुला काय, तुझा माणूस रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो."

"भावोजी," बाई त्यांच्याकडे वळल्या, "तुम्ही अर्ज करा. मी तो मोठ्या साहेबांपुढे ठेवते. बाकीच्यांना मिळाली तशी तुम्हालाही सूट मिळेल."

"नको ताई," ते म्हणाले. "मी सूट मागितली की लोक म्हणणार, मेहुणीने वाचवलं. मग तुमच्या नियमाला कुत्रंही विचारणार नाही. मी जाऊन येतो."

धाकटीने उठून चपला घातल्या. जाताना म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून खातं सुधारा."

भावोजी गेले. सुरुवातीला त्यांचा फोन नीट यायचा. आधी जनित्राची घरघर ऐकू यायची, मग त्यांचा आवाज. तिथल्या माळ्याने भाज्या लावल्यात, राजदूतांना पत्त्यांचा नाद आहे, व्हिसाच्या खिडकीशी लोक पहाटेपासून उभे राहतात म्हणून बाहेर छप्पर घालून घेतलंय, असं काहीबाही सांगायचे. मग तिथे गडबड सुरू झाली. बाजार जळाला, विमानं बंद झाली, राजदूतांना सल्लामसलतीच्या नावाखाली मायदेशी बोलावून घेतलं. वकिलात मात्र बंद करायची नव्हती, झेंडा फडकता ठेवायचा होता. आणि कुलपांच्या किल्ल्या भावोजींकडे होत्या. मधूनमधून त्यांना ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. ते त्याबद्दल हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचे.

त्यांची मुदत भरत आली तेव्हा बाईंनी त्यांच्या जागी पाठदुखीवाल्यांची नेमणूक केली. आता सूट एकदा घेऊन झाली होती, दुसऱ्यांदा मिळायला नको होती. पण परदेशी पाहुण्यांची परिषद निघाली आणि निकड पुन्हा उभी राहिली. त्यांच्या मागून ज्याचं नाव होतं त्याला घाईघाईने बढती मिळाली. मग तो त्या जागेसाठी फारच मोठा अधिकारी झाला. तोवर भावोजींची मुदत उलटून गेली होती.

एका दुपारी त्यांचा फोन आला. मी समोरच होतो. बाई नुसतं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बघते, भावोजी." आणि रिसीव्हर ठेवताना त्यांचा चेहरा एकदम उतरला. आपल्या तोंडून कुठला शब्द गेला ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्या तशाच उठल्या आणि मोठ्या साहेबांकडे गेल्या. फायली धरायला मीही मागोमाग.

"साहेब, दुसरं कोणी मिळत नसेल तर मला पाठवा."

साहेबांना ती थट्टा वाटली. "तुम्हाला? आणि बदल्या कोण करणार?"

"बदल्या मी करतच नाही. तुम्ही सगळे ठरवता आणि मी त्याखाली नियमानुसार आहे असं लिहिते. ते कोणीही लिहील."

"अहो बाई, उगाच त्रागा नका करून घेऊ. तुमच्या घरची अडचण मी समजू शकतो."

"घरची नाही, साहेब. खात्याची आहे."

"तेच ते," साहेब हसून म्हणाले. "आपण मार्ग काढू."

जिना उतरताना बाई मला म्हणाल्या, "या माणसावर चिडायचं तरी कसं? भिंतीला ओल धरावी तसा आहे. हात लावावा तिथे मऊ."

लवकरच त्या वर्षीचे बदल्यांचे आदेश सहीला आले. सगळे एकत्र, एकाच जाडजूड गठ्ठ्यात. बाईंनी ते पूर्ण वाचले. मग शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'नियमानुसार नाहीत. मुदत संपलेल्या माणसाला परत आणलेलं नाही.' आणि सही न करता गठ्ठा परत पाठवला.

इमारत हादरली. बाईंच्या सहीशिवाय कोणालाच जाता येईना. शाळांचे प्रवेश, भाड्याची घरं, सामानाच्या पेट्या, सगळं अधांतरी. दारात दबकणारे लोक आता दबकेनासे झाले. एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोने बाईंना लिफ्टमध्ये गाठून चार गोष्टी सुनावल्या. चष्म्याच्या दुकानातला राबता बंद पडला. यजमान म्हणाले, "चला, खात्याची नजर सुधारली."

पण यात वाईट माणसंच भरडली जात होती असं नाही. एक टंकलेखिका होती, तिचा नवराही आमच्याच खात्यातला. त्याच्याच वकिलातीत तिची बदली रीतसर मंजूर झालेली. इथलं घर तिने सोडलं होतं, सामान भावाकडे टाकलं होतं. ती येऊन बाईंसमोर उभी राहिली. "बाई, माझ्या बदलीत काय चुकलंय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी लगेच साहेबांना फोन लावला, हिचा आदेश वेगळा काढा, मी आत्ता सही करते. साहेब म्हणाले, तसं करता येणार नाही, आदेश एकत्रच निघतात. टंकलेखिका ऐकत होती. ती साहेबांना काही बोलली नाही. बाईंकडे मात्र अशा नजरेने बघून गेली की त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

"बघा ना," त्या मला म्हणाल्या, "मी अडवलंय त्यांना, आणि लागतंय हिला."

शेवटी साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. "मार्ग निघाला, बाई. तुमच्या मेहुण्यांच्या जागी आपण त्या दुभाषीला पाठवू."

दुभाषी म्हणजे खात्यात नुकतीच लागलेली मुलगी. एक अवघड परकी भाषा शिकायला खात्यानेच तिला पाठवलं होतं आणि ती भाषा घटवून ती परत आली होती. ज्या देशात ती भाषा बोलतात तिथे आमच्या लोकांना दुसऱ्यांचे दुभाषी उसने घ्यावे लागत. आणि भावोजी होते त्या देशात त्या भाषेचं एक अक्षरही कोणाला कळत नव्हतं.

"साहेब, ही तिची पहिली नेमणूक आहे. नियमात बसत नाही."

"पण ती जाईल. तिच्यासाठी फोन करणारं कोणी नाही." साहेबांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. "सही करा, बाई. तुमचे मेहुणे महिन्याच्या आत घरी येतील. टंकलेखिकाही जाईल. सगळ्यांचं भलं."

ते गेल्यावर बाईंनी दुभाषीला बोलावून घेतलं. बारीक चणीची, चटचट बोलणारी मुलगी. तिला बातमी आधीच लागली होती.

"तू नाही म्हणू शकतेस," बाईंनी नियमाची प्रत तिच्यापुढे सरकवली. "पहिली नेमणूक तिथे देता येत नाही. तसं लेखी दे."

"मी नाही म्हटलं तर तुमचे भावोजी तिथेच राहतील ना?"

"तो तुझा प्रश्न नाही."

"सगळे म्हणतायत तुम्ही हे त्यांच्यासाठीच चालवलंय."

"म्हणू देत. तुझं काय म्हणणं आहे?"

मुलीने प्रत उचलली, वाचली. "मला इतकी वर्षं ती भाषा शिकवली ती कशाला?" तिने विचारलं. बाईंनी पेन पुढे केलं. मुलीने तिथेच माझ्या टेबलावर बसून नकार लिहिला. बाईंनी त्यावर 'नियमानुसार आहे' असा शेरा मारून खाली सही केली. त्या हंगामात त्यांनी केलेली ती एकमेव सही.

मला वाटलं होतं, आता तरी पाठदुखीवाल्यांचं नाव पुन्हा निघेल. निघाला तो बाईंच्या बदलीचा आदेश. त्यांना भेटवस्तू विभागात पाठवलं होतं. परदेशी पाहुणे जे काही देऊन जातात, फुलदाण्या, गालिचे, तलवारी, चांदीचे घोडे, ते सगळं जिथे ठेवतात ते तळघर. त्या आदेशाखाली कोणाच्या शेऱ्याची गरज पडली नाही, कारण ती बदली इमारतीतल्या इमारतीत होती.

बाईंच्या खुर्चीवर आलेल्या नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात नियमात दुरुस्ती केली. सहीची ओळ गेली. पहिल्या नेमणुकीला दिलेलं संरक्षण गेलं. हत्ती जाणारी ओळ तेवढी जशीच्या तशी राहिली. आदेश सुटले, टंकलेखिका नवऱ्याकडे गेली, दुभाषी खरवडीला गेली आणि भावोजी घरी आले. अंगाने अर्धे झाले होते. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबणारा.

त्यानंतरच्या सुट्टीला धाकटी बाईंच्या घरी आली. बऱ्याच काळाने तिने त्या घरात पाऊल ठेवलं होतं. तिने ताईला मिठी मारली.

"शेवटी केलंस ना गं माझ्यासाठी."

"मी तुझ्यासाठी नाही केलं," बाई म्हणाल्या. "उलट ती मुलगी नाही म्हणाली त्या कागदावर मी सही केली. माझ्या मनासारखं झालं असतं तर भावोजी अजून..."

"हो हो, कळलं. बाहेर असंच सांगायला हवं. मी नाही बोलणार कोणाजवळ."

"अगं, ऐक तरी!"

"माझ्यासाठी तुझी खुर्ची गेली, ताई. मी विसरणार नाही."

यजमान सांगत होते, बाई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन नुसत्या भांडी आपटत राहिल्या. बहीण रागावली होती ते एक वेळ त्यांनी सोसलं असतं. हे आभार मात्र त्यांना गिळता येईनात. खात्यातही तेच. बदलीबाईंनी मेहुण्यासाठी सगळं खातं वेठीला धरलं आणि एका पोरीला बळी दिलं, ही गोष्ट कँटीनपासून सचिवांच्या दालनापर्यंत पक्की झाली. मी एकदोनदा खरं काय ते सांगून पाहिलं. लोक समजुतीने मान हलवायचे.

तळघरातून बाईंनी एक काम सोडलं नाही. दर आठवड्याला त्या वर यायच्या आणि नव्या साहेबांसमोर उभ्या राहायच्या. दुभाषीच्या जागी कोण जाणार? ठरलं का? नाव सांगा. साहेब टाळायचे, मी चहा मागवायचो, बाई चहा घ्यायच्या नाहीत. दुभाषीला त्या फोन करायच्या तेव्हा ती तुटक बोलायची. औषधं आहेत का, पाणी उकळतेस का, जनित्राचं तेल पोचलं का. ती उत्तरं द्यायची, पण आपण होऊन कधी काही विचारलं नाही. शेवटी नवे साहेब इतके कावले की केवळ बाईंचं येणं थांबावं म्हणून त्यांनी बदलीचा माणूस वेळेत पाठवला. दुभाषी मुदत भरताच परत आली. कितीतरी वर्षांत खरवडीतून वेळेवर आलेलं ते पहिलं माणूस.

ती तळघरात बाईंना भेटायला गेली. चांदीच्या घोड्यांच्या कपाटाजवळ दोघी बोलत उभ्या होत्या तेव्हा मी तिथे होतो.

"तुमच्यामुळे वेळेवर आले, आभार मानायला हवेत," ती म्हणाली. मानायचे आहेत की नाहीत ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं.

"आभार कसले?" बाई उसळून म्हणाल्या. "मुदत संपली, परत आलीस. हे आपोआप व्हायला हवं. त्यासाठी एका म्हातारीने दर आठवड्याला जिने चढायचे म्हणजे काय! आणि भाषेचं काय झालं तुझ्या?"

"बोलायला कोणी नव्हतं. एकटीच मोठ्याने वाचायचे. शब्द अडतात आता."

"ती भाषा बोलतात तिकडच्या वकिलातीसाठी अर्ज कर."

"मिळेल?"

"नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "तरी कर. परत परत कर."

तिने केला. पहिला नाकारला गेला, दुसरा कुठे गेला ते कळलंच नाही. तिसरा विचाराधीन होता तेव्हा बाई निवृत्त झाल्या.

निरोप समारंभ वरच्या मोठ्या सभागृहात झाला. आमचे हसतमुख मोठे साहेब आता सचिव झाले होते. त्यांनी बाईंबद्दल भरभरून सांगितलं. बाईंच्या नियमाने खात्याला शिस्त लावली, म्हणाले. पहिल्या रांगेत धाकटी आणि भावोजी होते, पलीकडे यजमान. दुभाषी मागे भिंतीला टेकून उभी होती. मग बाईंना बोलायला सांगितलं.

त्या माइकसमोर आल्या. "माझ्याबद्दल पुष्कळ झालं," म्हणाल्या. "आज सकाळी मी वर विचारून आले. मुदत उलटून गेलेली माणसं आत्ता या क्षणी चार वकिलातींत अडकून पडली आहेत. त्यांना परत कधी आणणार?"

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. सचिवही वाजवत होते. धाकटी डोळे पुसत होती.

"मी भाषण नाही केलं," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "मी विचारलंय."

टाळ्यांत ते फारसं कोणाला ऐकू गेलं नाही. एक कर्मचारी पुष्पगुच्छ घेऊन पुढे आला. बाईंनी तो घेतला नाही. त्या सचिवांकडे बघत तिथेच उभ्या राहिल्या, आणि मागच्या बाजूला लोक चहाच्या टेबलांकडे सरकायला लागले.